माझ्या नावाची ओळ

बेसा, नागपूर
रविवार, १९ जानेवारी २०२५

प्रिय संघ्या,

सप्रेम जयभीम. आम्ही दोघी ठणठणीत आहोत. तूही असशील असं धरून चालते, कारण फोन तू उचलत नाहीस आणि हैदराबादहून निरोप आला तरी त्यात कामापलीकडे काही नसतं. व्हॉट्सॲपवर लिहिलं तर रडक्या तोंडाचं चित्र पाठवून मोकळा होशील, म्हणून हे पोस्टानं.

थंडीनं आईचे गुडघे धरलेत, तोंड मात्र चालू आहे. मामानं नरखेडहून संत्र्यांची पेटी पाठवली. निम्मी आंबट निघाली, ती आईनं शेजारच्या इंदुताईंना "खास तुमच्यासाठी" म्हणून दिली. घरासमोरचा रस्ता पुन्हा खोदून ठेवलाय. मी सध्या इथंच आहे. सुट्टी जरा लांबली, त्याचं पुढे सांगते.

आधी चांगली बातमी. विहारातल्या अभ्यासिकेचे कॉम्प्युटर आता शहाण्यासारखे वागताहेत. कुठल्याशा ऑफिसनं देऊन टाकलेले ते जुने डबे, पोरं त्यात नोट्स ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी उघडून बघावं तर निम्मी फाईल कचरा. तू त्यांच्यापायी व्हायरसला दोष दिलास, वायरींना दिलास, लाईटवाल्यांनाही सोडलं नाहीस. शेवटी चोर निघाला डिस्क कंट्रोलर. तुमची नवी सिस्टीम टाकल्यापासून एकही फाईल बिघडलेली नाही.

आईनं विचारलं, संघपालनं नेमकं केलं तरी काय? मी सांगितलं, कॉम्प्युटरचे निरोप डिस्ककडे नेणारी एक चिप असते, ती आमच्याच पुण्याच्या कंपनीची आहे. एक काम चालू असताना दुसरं सांगितलं तर पहिलं टाकून देते आणि वर "झालं" म्हणून कळवते.

"म्हंजे तुह्या मामासारखी हाय वं," आई म्हणाली. "हो हो म्हणते अन् करत काहीच नाही. मंग फेकून काहून नाही दिली?"

मी म्हटलं, किती जणांच्या मशीन फेकणार? संघ्या आणि त्याच्यासारखे जगभरचे लोक मिळून एक फुकट वाटायची सिस्टीम लिहितात, त्यांनी तिच्यातच लिहून ठेवलं, की ही चिप दिसली तर तिला एका वेळी एकच काम सांगायचं. थोडी हळू चालते, पण फसवत नाही. आईला ते पटलं. मामालाही तसंच सांगून बघू म्हणाली.

तुझा तो फोन आठवतो का? आवाज पार बसला होता. "ताई, मी कवापासून शोधून राहिलो, सापडूनच नाही राहिलं. कंपनीतलं आतलं काही नको सांगू. फक्त बरोबर रस्त्यानं चाललो का, तेवढं सांग." मी कणीक मळत होते. म्हटलं, "त्याले दोन कामं एकदम सांगून पाहू नको, बावा." संपलं. एवढ्यावर तू बाकीचं सगळं शोधून काढलंस.

आणि मग तुम्हा सिस्टीम लिहिणाऱ्यांची ती रीत. ज्यानं शब्दाचीही मदत केली त्याचं नाव लिहायचं. चांगली रीत आहे, मी नावं ठेवत नाही. पण तू थेट त्या प्रोग्रॅममध्येच ओळ घातलीस, की ही खोड दीक्षा रामटेके यांच्याकडून कळली, आणि पुढे माझा ऑफिसचा ई-मेल. साऱ्या जगानं वाचावं म्हणून. बहिणीचा मान केलास. बहीण त्याच कंपनीचं मीठ खाते, हे तुझ्या डोक्यात आलं नाही. छापून आभार मानायचे आणि माणसाला गोत्यात आणायचं, हे तुम्हीच करू जाणे.

राग आला का? आला. पुण्याच्या माझ्या भाड्याच्या खोलीत बसून मी तुला मनसोक्त शिव्या दिल्या.

आता तुझा निरोप आलाय, "ओळ काढायचा बदल तयार आहे. तू हो म्हण, लगेच पाठवतो. नाव गेलं की ऑफिसवाले शांत होतील." संघ्या, ऑफिसवाले केव्हाच शांत झाले. ही सुट्टी नाही. मी नोकरी सोडून आलेय.

ती ओळ कंपनीत वाचली गेली तेव्हा आमच्या विभागाचे शरच्चंद्र सर ओरडले वगैरे नाहीत. चहा मागवला. आतली गोष्ट बाहेर सांगायची नाही हा नियम मी मोडला होता, आणि ते मी नाकारलं नाही. सरांना मला वाचवायचंच होतं. त्यांनी टाईप केलेला कागद पुढे केला: मी काहीही सांगितलेलं नाही, भावानं परस्पर माझं नाव घातलं. सही केली की प्रकरण मिटलं, म्हणाले. पेनही स्वतःचं दिलं.

तुमच्यात कोणी कोणाचं तोंड पाहिलेलं नसतं. मागच्या वेळी हा माणूस खरं बोलला होता का, एवढंच बघतात. तो कागद बाहेर गेला असता तर तुझा पुढचा बदल कोणी घेतला असता? खोटी नावं घालणारा म्हणून तू संपला असतास. आणि खोटं कळवायला त्या कंपनीत ती चिप होतीच, आणखी मी कशाला? मी राजीनामा लिहून दिला.

आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं, भाजी आणाले कोणी नव्हतं घरी." नंतर स्वयंपाकघरात जाऊन थोडी रडली, ते तुला कळावं म्हणून लिहितेय, मनाला लावून घ्यावं म्हणून नाही.

मी आता मोनालीच्या दुकानात बसते, बेसा चौकात. माझी कॉलेजची मैत्रीण, आठवत असेल. लोक बंद पडलेल्या डिस्क आणतात, आम्ही त्यातलं वाचेल ते वाचवतो. काल एका बाईंच्या मुलीच्या लग्नाचे फोटो सापडले, तर त्या तिळाच्या लाडवांचा डबाच ठेवून गेल्या. झोप छान लागते. खरंच मजेत आहे.

एक गोष्ट मात्र मी कोणाला बोलले नाही. त्या चिपची खोड कंपनीत मीच वरच्यांना लिहून दिली होती, वारंवार. ते कागद वर जाताना त्यांवर दुसऱ्यांची नावं चढली, आणि चिप विकली जात राहिली. इतकी वर्षं राबले, पण मी केलेल्या कामाखाली माझं नाव असलेली जगात एकच जागा आहे, ती तू घातलेली ओळ. दुकानात गिऱ्हाईक नसलं की उघडून वाचते. मोनालीला दाखवली. आईलाही, तिनं बोट ठेवून अक्षरं लावली.

तेव्हा ती काढू नकोस. पुढचा तो ऑफिसचा ई-मेल बदल फक्त, माझा घरचा टाक. न विचारता छापल्याबद्दलचा राग शिल्लक आहे, तो तू इथं आल्यावर काढीन, म्हणून तरी ये. दसऱ्यालाही आला नाहीस. आई तुझं ताट वाढायला निघते आणि मागे फिरते, मला बघवत नाही.

आणि तिकडे कोणी विचारलंच, ही बाई खरंच असं म्हणाली होती का, तर माझ्याकडे पाठव. मी लिहून देईन, सहीनिशी.

हो, मीच सांगितलं होतं.

तुझी ताई,
दीक्षा