स्वतःहून

प्रिय ठमे,

अक्षर पाहून घाबरू नकोस. डाव्या हाताचं आहे. उजवा अजून रुसलेल्या पाहुण्यासारखा मांडीवर बसून असतो, कितीही विनवण्या केल्या तरी उठत नाही. जीभ मात्र शाबूत आहे. अर्धांगाचा झटका आला तेव्हा नेमकं काय वाचलं हे कळल्यावर तू कपाळाला हात लावला असशील.

हे पुनर्वसन केंद्र तसं स्वच्छ आहे. दारादारांवर हसऱ्या म्हाताऱ्यांची चित्रं लावली आहेत. तसा एकही म्हातारा आत सापडत नाही. सकाळी आम्ही दोन दांड्यांच्या मधून पाय ओढत चालतो आणि व्यायाम घेणारी पोरगी मोबाइलमधून मान वर न काढता 'छान, छान' म्हणते. परवा एकजण धाडकन पडला, त्यालाही छानच म्हणाली.

पण खरी करमणूक आहे ती संशोधक नावाच्या गृहस्थाची. अपंगत्व मोजायची एक प्रश्नावली कुठल्याशा परक्या भाषेतून आपल्या भाषेत आणली आहे, आणि ती विश्वासार्ह आहे का, हे हा तपासतोय. म्हणजे आज विचारायचं, पंधरवड्याने तेच पुन्हा विचारायचं, आणि उत्तरं जुळली की झाली विश्वासार्ह. मधल्या काळात कुणी बरं झालं तर याचं तोंड उतरतं! आपल्या थोरल्या काकांनी वाघाच्या डोळ्यांत टॉर्च मारल्याची गोष्ट जन्मभर काना-मात्रा न बदलता सांगितली. या न्यायाने आपल्या घराण्यातला सर्वांत विश्वासार्ह माणूस तेच.

तर पहिलाच प्रश्न असा: 'तुम्ही स्वतःहून कपडे घालता का?' त्यांना विचारायचं होतं, कुणाच्या मदतीशिवाय घालता का. पण ज्या पंडिताने भाषांतर केलं त्याला 'स्वतः' आणि 'स्वतःहून' यांतला फरक कळण्याइतकं त्याच्या आईने कधी झापलेलं नसावं. स्वतःहून म्हणजे कुणी न सांगता! मी पन्नाशी ओलांडलेली बाई, बयो कपडे घाल, असं मला कोण सांगणार? म्हटलं, हो. स्वतःहून अंघोळ? हो. स्वतःहून जेवता? आता काय, आमंत्रण लागतं? हो. गृहस्थ खाली मान घालून खुणा करत गेला.

माझ्यानंतर मेजरची पाळी. मेजर म्हणजे नुसत्या मिशा. आयुष्य टपाल वाटण्यात गेलं. आता इतका ठणठणीत झालाय की जिना एकेक पायरी गाळून चढतो. तो म्हणाला, "स्वतःहून अंघोळ? छे हो! ही चारदा ओरडल्याशिवाय मी पाण्याला शिवत नाही." बायको शेजारीच होती. म्हणाली, "लग्नानंतर पहिल्यांदाच खरं बोललात!" संशोधकाने गंभीर चेहऱ्याने लिहिलं: नाही.

पंधरवड्याने आम्ही दोघांनी तीच उत्तरं दिली आणि गृहस्थाला कोण आनंद! मेजर पूर्ण परावलंबी ठरला, त्याचा मुक्काम वाढला, तो खूश. मी पूर्ण स्वावलंबी. डॉक्टर हल्ली माणसाकडे बघत नाहीत, त्याच्या आकड्याकडे बघतात. त्यामुळे येत्या शनिवारी मला घरी सोडताहेत.

मी त्या गृहस्थाला शब्दाची चूक दाखवली. तो नम्रपणे म्हणाला, "ताई, मुद्दा बरोबर आहे, पण आता शब्द बदलला तर विश्वासार्हता बिघडेल." म्हणजे चूक सगळ्यांसाठी सारखीच आहे ना, मग चालतं! व्यायामाच्या खोलीत सगळ्यांसमोर मी त्याची अशी काही सालटी काढली की मेजर डोळ्यांतलं पाणी मिशांत उतरेपर्यंत हसला. गृहस्थ कान लाल करून निघून गेला. मी जिंकले.

जिंकून खोलीत आले आणि स्वेटरच्या बटणांशी झुंजत बसले. एकच लागलं, तेही भलत्याच काजात. शेवटी सफाईच्या मावशी आल्या, त्यांनी सगळी लावून दिली. रोज त्याच लावतात. अंघोळही त्याच घालतात. हे मी त्या गृहस्थाला सांगितलं नाही; भाषेची चूक काढली, तेवढ्यावर खूश झाले. माझं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, आणि तिथे मावशीही नाहीत. मागच्या रविवारी तू म्हणालीस, ताई, आमच्याकडे चल, मागची खोली रिकामीच आहे. मी म्हटलं, तुझ्या नवऱ्याचं घोरणं ऐकण्यापेक्षा जिन्यावरून गडगडत गेलेली बरी. तू पिशवी उचललीस आणि मागे वळून न बघता गेलीस. तर ठमे, शनिवारी ये. त्या मागच्या खोलीत मला घेऊन चल. घोरू दे त्याला. आणि हे मला आज कुणी विचारलेलं नाही, बरं का. मी स्वतःहून सांगतेय.

तुझीच (पंधरवड्याने पुन्हा विचारलंस तरी हेच उत्तर),
ताई