पाठ तळ्याकडे

प्रिय धाकट्या,

'प्रिय' सवयीने लिहिलं गेलं. खोडलं असतं, पण शाईचा डाग पडला असता. इतकंच त्याचं कारण, जास्त अर्थ लावू नकोस.

तुझा तळ्यावरचा अहवाल मिळाला. आईला तू स्वतंत्र प्रत पाठवलीस, पहिल्या पानावर तुझी सही असलेली. तिने ती शेजारच्या दोन घरी दाखवून आणली. 'पक्षीतज्ज्ञ' म्हणजे काय, हे शेजारणीला समजावताना म्हणाली, लहानपणी बापाने पहाटे कान धरून उठवला म्हणून आज हे दिवस दिसले. नवव्या पानापर्यंत ती पोचली नाही. मी पोचले.

बाबांची पक्षी मोजायची रीत आठवते ना? एकाने तळ्याकडे तोंड करून मोजायचं आणि मोठ्याने सांगायचं. दुसऱ्याने तळ्याकडे पाठ करून वहीत लिहायचं, म्हणजे लिहिणाऱ्याचे डोळे आकड्यात लुडबुड करणार नाहीत. मोजणारी मी, लिहिणारा तू. टिबुकल्या बावीस, खंड्या तीन, तू मान खाली घालून लिहायचास. मला तेव्हा तुझी दया यायची. आता वाटतं, बाबांचं तेवढं चुकलंच. बारा वर्षं तळ्याकडे पाठ करून तू आकडे लिहायला शिकलास, पक्षी बघायचे राहून गेले.

चूक मीही केली. ती लपवत नाही. तीन वर्षांपूर्वी रस्त्यासाठी तळ्याची पलीकडची बाजू बुजवली, बोरूचं बेट जाळलं, काठची झाडं पाडली. त्या हिवाळ्यात मी जीव मुठीत धरून मोजायला गेले, तर एरवी सहाशे भरणारे पक्षी अकराशे! बावळटासारखी नाचले. वहीत लिहिलं, 'रस्त्याने काही बिघडलं नाही, उलट वाढले.' आणि तेच वाक्य आनंदाने तुला कळवलं.

काकांचं घर पडलं तेव्हा ते, काकू आणि चार पोरं आपल्याकडे राहायला आली होती, आठवतं? दोन खोल्यांत दहा माणसं. बाथरूमच्या दाराशी रोज मारामारी, तुझा डोळा त्यातच सुजला होता. त्या वर्षी कुणी आपली माणसं मोजली असती, तर म्हणाला असता, काय भरभराट आहे या घराची! तळ्याचं तेच झालं होतं. पलीकडची बेघर झालेली सगळी उरलेल्या तुकड्यात येऊन कोंबली होती. उन्हाळ्यात पाहिलं तर एकाच झुडपात घरट्यावर घरटं, खाली फुटलेली अंडी, पाणकोंबड्या एकमेकींची पिल्लं टोचून मारताहेत. पुढच्या हिवाळ्यात दोनशे दहा भरले. एक्केचाळीस जातींच्या सतरा उरल्या, त्यातही कावळे, साळुंक्या, पारवे, म्हणजे कुठेही जगणारी मंडळी. बोरूतल्या वटवट्यांपैकी एकही नाही. ते बोरूशिवाय घरटंच बांधत नाहीत, हे बाबांनी आपल्याला सातव्या-आठव्या वर्षीच सांगितलं होतं. तुलाही.

त्याच आठवड्यात मी तुला फोन केला. घरटी, अंडी, दोनशे दहा, सगळं सांगितलं. म्हटलं, माझं ते वाक्य वापरू नकोस, मी गाढवपणा केला. तू म्हणालास, "हो गं ताई, काढून टाकतो, आणि रडू नकोस, पक्षीच आहेत." मग तुझ्या नव्या गाडीचा रंग सांगितलास.

नवव्या पानावर आहे ते वाक्य, अवतरणचिन्हांत. 'स्थानिक निरीक्षकाच्या वीस वर्षांच्या नोंदींनुसार.' खाली अकराशेचा आकडा. दोनशे दहाचा कुठेच नाही. या पानाच्या जोरावर उरलेलं तळंही बुजवणार आहेत. नुसतं खोटं लिहिलं असतंस तर तुझी कीव केली असती. तू मी खऱ्या मनाने लिहिलेला शब्द उचललास, तो चुकलाय हे ठाऊक असताना. चोरसुद्धा घरच्यांचं सोडतो रे.

तुझं बिनसलं कुठे, हे मी फार उकरत बसले नाही. फक्त वाटत राहिलं, एखाद्या सकाळी बाबांचं न ऐकता तुला म्हणायला हवं होतं, अरे, ठेव ती वही, वळून बघ.

आता कामाचं. हे पत्र इतकं तपशीलवार का लिहिलं, कोणत्या आठवड्यात फोन केला, काय बोललास, हे तुलाच परत का सांगितलं, असं मनात आलं असेल. तुझ्या हातात आहे ती दुसरी प्रत आहे. पहिली आज सकाळी, बाबांच्या आणि माझ्या सगळ्या वह्यांसकट, तळ्याच्या जाहीर सुनावणीच्या अधिकाऱ्यांकडे दिली आणि पोच घेतली. सोमवारी मी ते सगळ्यांसमोर वाचणार आहे, माझ्या चुकीपासून सुरुवात करून. आई पहिल्या रांगेत असेल. तिला अजून वाटतंय की तुझा सत्कार आहे. तूही ये. या वेळी तोंड माझ्याकडे करून बस.

तुझीच, कारण ते काही खोडता येत नाही,
ताई