होबर्टदादाच्या नावाने वाजलेला बँजो

तीर्थरूप होबर्टदादास,

खालच्या खोऱ्यातून तुझ्या धाकट्या आर्लिसचा, टोपी काढून, मान लववून नमस्कार. आम्ही इकडे सुखरूप आहोत. तुझी पुतणी दात येत असल्यामुळे चिडचिडी आहे, बाकी काही नाही. तुझा गुडघा, तुझं खेचर आणि तुझ्या मधमाश्या यांच्या प्रकृती कशा आहेत ते कळवावं. (गुडघ्याला मलम लावतोस ते चांगलंच, पण ते खेचराच्या डब्यातलं असेल तर थांबव. तुझी भावजय ओमा म्हणते, माणसाचा गुडघा तेवढं सोसत नाही.) डोंगरमाथ्यावर थंडी लवकर उतरते, तेव्हा अंगात लोकरीचं काहीतरी असू दे.

तुझं पत्र पोचलं. दोन शब्दांत दिवस काढणाऱ्या तुझ्यासारख्या माणसाने पानभर लिहिलं, म्हणजे प्रकरण गंभीर आहे हे मी पाकीट हातात घेतल्याबरोबर ओळखलं. ओहायोच्या कारखान्यातला कोणी माणूस बायकोला घेऊन तुझ्या ओसरीपर्यंत चढून आला, त्याने तुझा उजवा हात हातात घेऊन बोटं उलटसुलट करून पाहिली, बायकोने डोळे पुसले, आणि तू “मी जन्मात बँजोला हात लावलेला नाही” म्हणालास तेव्हा दोघं एकमेकांकडे बघून म्हणाले, “किती हा साधेपणा!” मग सुक्या सफरचंदांचा थराथरांचा केक ठेवून, तुला पाठ न दाखवता, उलट्या पावलांनी पायऱ्या उतरले. आता तू विचारतोस की वेड त्यांना लागलंय की तुला. दादा, कोणालाच नाही. गेली काही वर्षं तू या मुलखातला सगळ्यात नावाजलेला बँजोवाला आहेस. तुला सांगायचं राहून गेलं, एवढंच.

हे कसं झालं ते सांगायचं तर ओमाच्या वाजवण्यापासून सुरुवात करायला हवी. तू ते ऐकलेलं नाहीस, कारण आमच्या लग्नात तू आलास, जेवलास, आणि वादक मंडळी तारा जुळवेपर्यंत परत डोंगरावर पोचलासही. आपल्याकडे बँजो वाजवायचा म्हणजे नखांनी तारा खालच्या अंगाला झोडायच्या. आपले आजोबा तसेच झोडायचे आणि गाणं संपलं की सगळेच सुटकेचा निःश्वास टाकायचे. ओमा तसं करत नाही. ती आंगठा आणि दोन बोटं अशी काही फिरवते की एकेक सूर सुटा ऐकू येतो, आणि तरी दोन सुरांमध्ये सुई शिरणार नाही. पत्र्यावर गारा पडतात ना, तसं. फक्त या गारांना कुठे पडायचं ते आधीपासून ठाऊक असतं. हे तिला कोणी शिकवलं नाही. माहेरी मक्याची कणसं सोलता सोलता बोटांना तसा चाळा लागला म्हणते. (कणसं मीही सोललेली आहेत. मला काहीच लागलं नाही.) हल्ली शहरातले लोक या वाजवण्याला ‘ब्लूग्रास’, म्हणजे निळ्या गवताचं नाव द्यायला लागलेत. ओमाला ते पटत नाही. ती म्हणते, ते गवत तिकडे सपाटीवर घोडेवाल्यांच्या कुरणात उगवतं, आमच्या खोऱ्यात उगवतात ते दगड.

तर त्या वेळी आम्ही रेडिओवर पहाटेच्या शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात, पिठाच्या जाहिरातींच्या मधेमधे वाजवायचो. ओमा बँजोवर, तिचा मावसभाऊ फिडलवर, आणि मी माणसापेक्षाही उंच अशा थोरल्या व्हायोलिनवर, म्हणजे बासवर. (मला त्यावर दोनच सूर येतात, पण ते मी अगदी वेळेवर देतो.) ते ऐकून नॉक्सव्हिलच्या प्रुइट साहेबांनी रेकॉर्ड काढायला बोलावलं. साहेबांची कंपनी म्हणजे एका फर्निचरच्या दुकानाचा वरचा मजला. भिंतीभर गाद्या टांगलेल्या. मला आधी वाटलं, आपल्या मुक्कामाची सोय केलीय, पण गाद्या उभ्या का, ते कळेना. त्या आवाज पिण्यासाठी असतात, असं नंतर समजलं. मधोमध एकच मायक्रोफोन होता. साहेब थेट माझ्याकडे आले, माझा हात हलवला आणि म्हणाले, “काय बोटं आहेत तुमची!” मी “थँक यू” म्हणालो. दादा, आईने शिकवलंय, कोणी चांगलं म्हटलं की थँक यू म्हणावं. तेवढ्यात ओमाने बँजो गळ्यात अडकवला आणि सुरू केलं.

साहेबांच्या तोंडातली सिगार विझली. ती विझली हे त्यांना गाणं संपल्यावर कळलं. मग ते फार गोड आवाजात म्हणाले, “बाई, असं मी आजवर ऐकलेलं नाही. पण बाईच्या नावाने बँजोची रेकॉर्ड दुकानातून हलत नाही. घरातल्या कुणा पुरुषाचं नाव सांगा.” मी खाकरलो. ओमा माझ्याकडे न बघताच म्हणाली, “ह्यांचं नको. हे स्वतःच खरं मानून चालायला लागतील.” मग जरा विचार करून म्हणाली, “होबर्ट घाला. आमचे भावजी. ते डोंगर उतरत नाहीत, त्यांना कळायचंसुद्धा नाही.” झालं. “होबर्ट स्टिडम आणि लॉरेल फाट्याची पोरं” अशी रेकॉर्ड निघाली. परतताना गाडीत ओमा एवढंच म्हणाली, “घरोघर सूर तर माझेच जातायत ना?” मी म्हटलं, जातायत. ती म्हणाली, “मग पुढे बघा, गाय आडवी येतेय.”

रेकॉर्ड अशी चालली दादा, की विचारू नकोस. खाणीच्या वस्त्यांवर, पेट्रोल पंपांवर, न्हाव्यांच्या दुकानांत, जिथे जावं तिथे तू वाजत होतास. साहेबांनी दुसरी काढली, मग तिसरी. दर खेपेला ओमा काहीतरी नवीनच करायची. एका गाण्यात तर तिने वाजवता वाजवता तारेची खुंटी पिळून सूर असा वाकवला, की आमचा फिडलवाला स्वतःचं वाजवायचं विसरून तिच्याकडे बघत राहिला. अडचण व्हायची ती शाळाशाळांतून कार्यक्रमाला जायचो तेव्हा. लोक आधी विचारायचे, होबर्ट कुठाय? मग मला तुझ्या प्रकृतीबद्दल सांगणं भाग पडायचं. तुला गोवर झाला, तू झाडावरून पडलास, तुला गालगुंड झालं, आणि एकदा तर सुचेना म्हणून मी तुला इतकं आजारी पाडलं, की तिथल्या चर्चमधल्या बायकांनी गुडघे टेकून तुझ्यासाठी प्रार्थना केली. (त्या सुमारास तुला अचानक बरं वाटलं असेल तर त्यांना दोन ओळी लिही.) हे सगळं हसण्यावारी जात होतं. जे हसण्यावारी गेलं नाही ते असं, की कार्यक्रम संपला की कोणीतरी ओमापाशी येऊन म्हणायचं, “तुम्हीही बऱ्यापैकी वाजवता हो, पण होबर्टची सर नाही.” एकाने तर तिला कोपऱ्यात घेऊन समजावलं, की होबर्टच्या रेकॉर्डी नीट लक्ष देऊन ऐका, त्याचा उजवा हात कसा चालतो ते शिका, प्रयत्न सोडू नका. ओमा “बरं” म्हणाली. घरी आल्यावर तिने लाकडं फोडायला घेतली. आमच्याकडे अजून ती लाकडं पुरतायत.

मग गेल्या वर्षी साहेबांच्या डोक्यात आलं, की होबर्ट स्टिडम आणि कॅरोलायनाचा टॉलिव्हर या दोघांची जुगलबंदी काढायची. टॉलिव्हर म्हणजे तिकडचा मोठा बँजोवाला, सहा फुटी, पांढरी टोपी, बूट आरशासारखे. होबर्टला हरवून येतो, असं गावभर सांगून आला होता. आला तेव्हा ओमा माझ्याआधी वर जाऊन खुर्चीवर बसली होती. तुझी पुतणी तेव्हा पोटात होती, महिने भरत आले होते, त्यामुळे बँजो पोटावर तिरपा टेकवून ती खुंट्या पिळत होती. टॉलिव्हर टोपीला हात लावून अगदी अदबीने म्हणाला, “ताई, ती खुर्ची होबर्टची असेल ना? तुम्ही इकडे आरामात बसा.”

प्रुइट साहेब गाद्यांकडे बघू लागले. मी छताकडे बघत होतो. ओमाने दोघांकडेही पाहिलं नाही. टॉलिव्हरचं स्वतःचं जे गाजलेलं गाणं होतं ना, तेच तिने धरलं, आधी त्याच्या चालीने, मग दुप्पट, मग अशा काही वळणाने, की त्या गाण्यात तेवढी जागा आहे हे त्याला बिचाऱ्याला माहीतच नव्हतं. संपलं तेव्हा त्याने पांढरी टोपी काढून छातीशी धरली होती. ओमाने बँजो पेटीत ठेवला, झाकण लावलं आणि साहेबांना म्हणाली, “आता हेच होबर्टकडून वाजवून घ्या.” आणि जिना उतरायला लागली.

मी बास घेऊन तिच्या मागे. साहेब माझ्या मागे. आणि त्या अरुंद जिन्याच्या वळणावर, दादा, माझा बास आडवा अडकला. खाली ओमा, वर साहेब, आणि मधे मी आणि बास. ना कोणाला वर जाता येईना, ना खाली. खाली पलंग घ्यायला आलेलं एक जोडपं माना वर करून ऐकत होतं. साहेब बासच्या मानेवरून डोकं काढून ओरडले, “बाई, दुकानदार माल परत पाठवतील!” ओमा खालून म्हणाली, “पाठवू देत.” साहेब म्हणाले, “लोकांना होबर्ट हवाय!” ती म्हणाली, “मग त्याच्याकडून वाजवून घ्या म्हटलं ना.” साहेब म्हणाले, बारीक अक्षरांत खाली नाव घालू. ओमा म्हणाली, “साहेब, माझं नाव होबर्टपेक्षा लहान आहे. मोठ्या अक्षरांत घातलंत तरी शाई वाचेल.” वरून टॉलिव्हर मोठ्याने हसला. म्हणाला, “साहेब, मी हरल्याचं गावात सांगायचंच आहे, तर कोणाकडून ते तरी खरं छापा.” पलंगवाल्या बाईने खालून टाळ्या वाजवल्या. साहेबांनी रुमालाने कपाळ पुसलं आणि म्हणाले, “बरं. आता हे लाकूड हलवा कोणीतरी.”

त्या दिवशीचं वाजवणं मी कधी विसरणार नाही. एकाच मायक्रोफोनभोवती आम्ही सगळे. ज्याची पाळी तो पुढे झुकायचा, दुसरा मागे सरायचा, आणि ओमाला झुकता येत नव्हतं म्हणून सगळ्यांनी तिच्या भोवतीच फिरायचं ठरवलं. मधेच तिने “आई गं” म्हणून खुदकन हसून घेतलं, कारण पोरीने आतून ठेक्यावर लाथ मारली. ते हसू रेकॉर्डवर गेलं. साहेब म्हणाले, पुन्हा घेऊ. ओमा म्हणाली, “नको. ते बरोबर जागेवर आलंय.” आणि खरंच आलंय, दादा. लोक आता त्या हसण्यासाठी सुई मागे नेतात.

रेकॉर्डवर मोठ्या अक्षरांत ओमा स्टिडम. काही दुकानदारांनी परत पाठवली, बऱ्याच जणांनी आणखी मागवली. तरी जग एका दिवसात सुधारत नाही. एका रेडिओवाल्याने सांगितलं, की ही होबर्टची शिष्या. दुसरीकडे आवई उठली, की होबर्टने कुठल्याशा दुःखामुळे संसार सोडला आणि तो डोंगरावर मधमाश्यांत राहतो. (यातलं मधमाश्यांचं खरं निघाल्यामुळे बाकीचंही खरं धरलं गेलं.) तुझा पत्ता कोणी दिला ते मी सांगणार नाही. आपल्या पोस्टातल्या बाईंना तुझा फार अभिमान आहे, एवढंच सांगतो.

असो. केक संपला असेल तर ताट परत पाठवायची घाई करू नकोस, ती माणसं पुन्हा येतील. गुडघ्याला जप.

तुझा आज्ञाधारक धाकटा भाऊ,
आर्लिस

ता. क. सोबतच्या पुडक्यात तुझ्या नावाने आलेली पत्रं आहेत. त्यातल्या टेनेसीच्या विधवाबाईंना यापुढे तूच उत्तर दे. मी दोनदा दिलं. आता त्यांचा माझ्या अक्षरावर जीव जडलाय, आणि ओमाला ते बरं वाटत नाही.

ता. क. दुसरा. खरं म्हणजे पत्र लिहायचं कारण हे. मका घरात आला, की लॉरेल फाट्याच्या शाळेत आमचा कार्यक्रम आहे, सगळा मुलूख येणार आहे. दादा, एकदाच डोंगर उतर. व्यासपीठावर ये, बँजो हातात घे आणि सगळ्यांसमोर वाजव. तू वाजवलेलं ऐकल्याशिवाय लोकांचा विश्वास बसणार नाही. हात जोडून विनंती, तोवर सराव मात्र करू नकोस.

ता. क. तिसरा, ओमाच्या हातचा. भावजी, हे पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलं तेव्हा मी वाचलं. बास जिन्यात अडकला नव्हता. ह्यांनी तो अडकवला होता. याहून अरुंद जिन्यांतून मी ह्यांना तो झोपलेल्या मुलासारखा उतरवताना पाहिलंय. दुसरं म्हणजे, ह्यांचं ऐकू नका, वाजवू नका. चारचौघांत तुमची फजिती मला बघवणार नाही. पण याच. पुतणीला बघाल. पुढच्या बाकावर बसा, आणि मी वाजवत असताना शेजारचा कोणी म्हणाला की होबर्टची सर नाही, तर त्याच्याकडे बघून नुसती ‘नाही’ अशी मान हलवा. तुम्ही उगाच बोलत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला तेवढं पुरेल.