चकतीतली चौथी मेढ

आये, मी सांगतेय आणि माझी नात लिहितेय, कारण अक्षर तुलाही आलं नाही आणि मलाही. तुला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. माजिवड्याला आमच्या घरासमोरच्या भातखाचरांत आता एवढ्या उंच बिल्डिंगी झाल्यात की दुपारी तीनलाच अंगणात सावली येते. त्या सावलीत बसून सांगतेय. नातीची हळद आठ दिवसांवर आलीय, मानपाड्याच्या हॉलमध्ये, म्हणजे तुझ्याच गावात म्हण. हॉल आहे तिथे पूर्वी आपली विहीर होती असं मला वाटतं. हिला सांगितलं तर म्हणते, "आजी, तुला सगळीकडेच विहीर दिसते."

हिने एकच हट्ट धरलाय. हळदीला मोठ्या पडद्यावर पणजी गाताना दिसली पाहिजे. तुझी ती एकच चकती आहे ना, डीव्हीडी म्हणतात ती, गाण्यांच्या कंपनीची माणसं दिवे घेऊन आली होती तेव्हाची. धवलारीण म्हणून तुझं नाव तोवर कल्याणपर्यंत गेलेलं. लग्न कुणाचंही असो, धवले गायला तूच. त्यांनी तुला नवं लुगडं नेसवलं, अंगणात खोटा मांडव घातला, तू गायलीस आणि नंतर चकती घरी आली, पण ती लावायचं मशीन तेव्हा घरात नव्हतं. मग कंपनीच बंद पडली. दुसरी चकती कुठे मिळत नाही. ही एक आता कडेने पांढुरकी पडत चाललीय. उन्हात धरली की तिच्यात माझं तोंड दिसतं आणि तोंडाभोवती रंग फिरतात, पाण्यावर तेल सांडल्यासारखे. कधी कधी ते तोंड माझं नसतं, तुझं असतं. मी जास्त वेळ बघत नाही.

तू गेलीस त्या वर्षी माझ्या मुलाने चकतीचं मशीन कॅसेटच्या मशीनला जोडून तुला कॅसेटवर उतरवायचा प्रयत्न केला होता. आवाज नीट आला, पण चित्र घडीत काळवंडायचं, घडीत पांढरंफक्क व्हायचं. तो वैतागला. म्हणाला, "कुणी नक्कल करू नये म्हणून चित्रातच खोडी करून ठेवलीय. टीव्हीला चालतं, कॅसेटच्या मशीनचं डोकं फिरतं." मला मात्र वाटलं, तू श्वास घेतेयस. अंधारात जातेस आणि पुन्हा उजेडात येतेस. चांगली चकती कपाटात ठेवून मी ती बिघडलेली कॅसेटच कितीतरी दिवस लावत होते. फक्त चौथी मेढ यायच्या आधी मी उठून स्वयंपाकघरात जायचे आणि मिक्सर चालू करायचे. सुनेला वाटायचं, सासूबाईंना रडू येतं म्हणून जातात. वाटू दे.

चौथी मेढ म्हणजे काय ते हिला माहीत आहे, तरी लिही म्हटलं. तुझ्या धवल्यात मांडवाच्या चार मेढी, चार खांब. पहिली उंबराची, दुसरी जांभळीची, तिसरी आंब्याची. तीन तू मोठ्याने गायचीस, आणि चौथीची वेळ आली की नवरीच्या डोक्यावर पदर धरून तिच्या कानात सांगायचीस. बाहेर नुसती वाजंत्री ऐकू यायची. मी बारा वर्षांची असताना पडवीच्या कुडामागे बसून तुझा अख्खा धवला पाठ केला. तू एकटीच भात पाखडत होतीस आणि चौथी मेढही मोठ्याने म्हणत होतीस. मला केवढा आनंद! शेजारच्या मांडवात हळद वाटताना मी आपली ऐटीत चारही मेढी गाऊन मोकळी झाले, चौथी शेवग्याची. बायका पाट्यावरचे हात थांबवून बघायला लागल्या आणि तू दारात उभी.

"काय गो, शेवग्याची मेढ? वाऱ्याने मोडते ती! बस, आधी तूच बस त्या मांडवाखाली."

बायका हसून हसून लोळल्या. मला दोन दिवस जेवण गेलं नाही. कुडामागे कोण बसलंय ते तुला पहिल्यापासून ठाऊक होतं. शेवगा तू माझ्यासाठीच पेरलेलास, चोर सापडावा म्हणून.

मग मी हट्टाने विचारलं नाही आणि तू हट्टाने सांगितलं नाहीस. माझ्या लग्नात तू नवरीची आई, म्हणून धवला गायला दुसऱ्या गावची बाई आली, तिला तुझी मेढ माहीत नव्हती. तू ज्या पोरींच्या कानात सांगितलंस, त्यांना मी पुढे गुपचूप विचारलं. एक म्हणाली, चिंचेची. एक म्हणाली, मला तर काहीतरी नदीचं ऐकू आलं. तिसरी म्हणाली, "मी रडत होते बाई, तुझ्या आईच्या तोंडाला तंबाखूचा वास येत होता एवढंच आठवतं."

तू गेल्यावर धवले माझ्याकडे आले. कानात सांगायला माझ्याकडे काही नव्हतं, म्हणून मी चौथी मेढही मोठ्याने गायला लागले: चौथी मेढ माझ्या आयेच्या पाठीची. बायका डोळे पुसतात. म्हणतात, काय तुझी आई, काय ओळ ठेवून गेली! ती कुठून आली ते मला माहीत आहे, आणि तुलाही. आता कळलं ना मिक्सर का लावायचे? चकतीत खरी मेढ निघाली आणि ती हॉलभर ऐकू गेली, तर वीस वर्षांचा माझा मांडव सगळ्यांसमोर खाली येणार.

घरचं मशीन केव्हाच भंगारात गेलेलं. हिने चकती कॉम्प्युटरवर उतरवली तेव्हा पडद्यावर हिरवे-जांभळे चौकोन आले, त्यांत कुठेतरी तुझ्या लुगड्याचा काठ. मी मनात म्हटलं, सुटले. पण ही कसली ऐकते! मला रिक्षात घालून टेंभी नाक्याजवळच्या एका जुन्या दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेली. माझ्याच वयाचा माणूस, कानात केस. चकती प्रकाशात धरून म्हणाला, "आजी, हिच्यात चित्र सरळ ठेवलेलं नाही. डाळ-तांदूळ एकत्र करावेत तसं कालवलंय. निवडायचं कसं, ते या मधल्या भोकाजवळच्या कड्यात लिहिलंय, तेही कुलपात. त्या कुलपाची किल्ली कारखान्यातून मशीनच्या पोटात येते. आधी ओळखपाळख होते, कोण तू, कुठली तू, मग चित्र सुटं होतं."

"म्हणजे सोयरीक जुळवल्यासारखं," मी म्हटलं.

"तसंच. आणि बाजारात कोरी चकती मिळते ना, तिचं ते कडं आधीच निकामी केलेलं असतं. तुम्ही सगळा काला उतरवून घ्याल, पण निवडायची रीत मागेच राहणार."

मला हसूच आलं. आये, तुझ्या तोंडचं बोलणं या माणसाकडे कुठून आलं? सगळं उतरवता येतं, कानातलं तेवढं मागे राहतं.

नात म्हणाली, "मग काका, काहीच नाही का होणार?"

त्याने फळीवरून धुळकट मशीन काढलं, फुंकर मारली. "हे ओळखतं हिला. लावतो, तू फोन धर टीव्हीसमोर. जरा धूसर येईल, पण येईल. बघायला कुणी बंदी केलेली नाही."

तिथे स्वयंपाकघर नव्हतं, आये. मिक्सर नव्हता. उठायला गेले तर गुडघा धरला. तू समोर बसलेलीस, नव्या लुगड्यात अवघडून, मागे खोटा मांडव. उंबराची झाली. जांभळीची झाली. आंब्याची झाली. मी पदराचं टोक तोंडात धरलं. तू मान वर केलीस, थेट त्या कॅमेऱ्याकडे बघितलंस, आणि ओठाच्या एका कोपऱ्यातून हसत खणखणीत आवाजात गायलीस: चौथी मेढ शेवग्याची.

मी इतकी हसले की दुरुस्तीवाल्याने पाणी आणलं. कुलूपबिलूप घालून बिचाऱ्या कंपनीने काय सांभाळलं, तर शेवगा! दिवे लावून, वायरी पसरून कुडामागे बसलेलीच ती माणसं, मी बसले होते तशी. नात फोन धरून उभी, हात हलवता येईना. कुजबुजली, "आजी, पणजी चुकली का गं?"

"पणजी कधी चुकत नाही," मी म्हटलं.

तेव्हापासून एकच विचार येतो. तू प्रत्येकीला वेगळी मेढ सांगायचीस का गं? चिंच एकीला, नदी एकीला? कामाच्या मधे डोळा लागला की दिसतं, तू पदराखाली वाकलीयस, मी जवळ जाते, आणि वाजंत्री सुरू होते.

आता हिला लिहायला सांगते ते तिलाही नवीन आहे. ती पाठीची ओळ तुझी नाही. मी केली. तू गेलीस त्यानंतर, तुझी लुगडी घडी करताना. वीस वर्षं तुझ्या नावावर खपवली.

पेन थांबलंय. लिही म्हटलं तर लिहितेय, पण हसतेय की रडतेय ते मला चष्म्याशिवाय दिसत नाही. हा कागद कुठे धाडायचा नाही, चकतीच्या डबीत घालून ठेव म्हणून सांगितलंय. हळदीला पडद्यावर तुझा शेवगा सगळ्यांना ऐकू दे. मी हिच्यावर पदर धरून हिच्या कानात चौथी मेढ सांगणार आहे. कालच सुचली. कुठली ते आत्ताच लिहू का म्हणून विचारतेय.

नको म्हटलं.