शिवणीतलं कापड

बाळ्यास,

तुझी पँट मिळाली. "ताई, कंबर दोन इंच सैल कर, पण हिला कळू देऊ नकोस," अशी खिशातली चिठ्ठीही मिळाली.

बाबाही असंच सांगायचे. शिवणकाम मी शिकले ते त्यांच्याच पँटींवर. आईच्या नकळत मी तीनदा त्यांची कंबर सैल केली, आणि ते ऐटीत सांगत फिरायचे, "दहा वर्षांपूर्वीची पँट अजून बसते मला." आपण किती सुटलोय हे त्यांना माझ्यामुळे कळलंच नाही. आजोबा बावन्नाव्या वर्षी हार्ट अटॅकने गेले, बाबा एक्कावन्नाव्या. तुला पन्नासावं लागलंय. डॉक्टर रोज चालायला सांगतात, तर म्हणतोस, आपलं घराणंच जाड. अरे, घराण्याकडे बोट दाखवून पोट उतरत असतं, तर आपण सगळे काडीसारखे असतो.

पँट तशीच परत पाठवतेय. हे पत्र वाचून तू महिनाभर अबोला धरशील, म्हणून ते मशीनच्या खणातच राहील. शिवणीत अजून दोन इंच कापड आहे, उसवून बघितलं मी. पण तू फोन केलास, तर सांगेन की आत आता काहीच उरलेलं नाही.

तुझी,
ताई