चारही चाकांची गाडी

वहिनी,

दुरुस्त होऊन आलेली दादाचीच गाडी ठेवायची की नवी घ्यायची, ते तू माझ्यावर सोडलंस. म्हणून शोरूमची गाडी, ती इंजिनचा जोर चारही चाकांना असलेली, चालवून बघायला घेतली आणि दादा गाडी घसरून गेला त्या वळणावर नेली. रस्ता तसाच ओला होता. त्याच्याच वेगात वळवली. तसूभरही घसरली नाही. ही असती तर तो घरी आला असता.

तू नवीच घे, मुलांना तिच्यातूनच ने. मला मात्र तिच्यात बसवणार नाही. पुढची दोनच चाकं ओढणारी त्याची जुनी मी वापरतो. पाय पोचावेत म्हणून पाठीला उशी घेईन, पण सीट त्याच्याच मापाची राहील.

रागावू नकोस. ‘हळू जातो’ असं दादा नुसतं म्हणायचा. मी खरंच हळू जातोय.

– धाकटा