बाबांच्या कानात माझा फोन

४ मार्च
बाबांना कानाची यंत्रं बसली! शेंगदाण्याएवढी, दोन्ही कानांत. धाकटीने, माझ्या बहिणीने, घेऊन दिली. दुकानातली मुलगी म्हणाली, "काका, आजोबांचा फोन साधा आहे, म्हणून ब्लूटूथने तुमच्या फोनला जोडून देते. आवाज कमी-जास्त तुम्हीच करायचा." मी मान डोलावली. निम्मंच कळलं – गावच्या शाळेत हे कुठे शिकवलं होतं!
घरी येताच बाबा म्हणाले, "सगळे भांडताय कशाला?" कोणीच भांडत नव्हतं. आम्हाला ओरडून बोलायची सवय झालेली. ही हसली, "आता सासऱ्यांच्या माघारी बोलायचीही सोय उरली नाही!"

६ मार्च
मी फोन खिशात टाकून कामाला निघालो, जरा लांब गेलो की बाबांच्या कानात टुण वाजतं. परतलो की पुन्हा. दार वाजायच्या आत हिला सांगतात, "आला बघ."
कामावर, पंपघरात दाबाचे काटे बघताना दिवसभर हेच डोक्यात. मध्ये तार नाही, काही नाही. जवळ असलो की जोडलेले, लांब गेलो की सुटलेले. देवाशी आपलं असंच असेल का? तो असतो तिथेच. लांब जाऊन सुटतो ते आपण.

९ मार्च
कामावर धाकटीचा फोन, पुन्हा तोच तगादा. तिच्या गावच्या वृद्धाश्रमात एक जागा रिकामी होतेय, बाबांना तिथे ठेवू म्हणते. गेल्या महिन्यात बाबा न्हाणीघरात पडले तेव्हा घरात कोणी नव्हतं. मी पंपघरात, ही शिवणकामाला. दुपारपर्यंत तसेच पडून होते. धाकटी म्हणते ते चूक नाही. पण बाबांना 'जा' म्हणायचं कुठल्या तोंडाने?

११ मार्च
पहाटे प्रार्थनेला बसलो. मन लागेना. उठताना ठरवून टाकलं – हो म्हणायचं.
घरी फोन मी सहसा हातात घेत नाही. संध्याकाळी घेतला, तर धाकटीने आवाज भरून निरोप पाठवलेला. लावला – नुसती शांतता. आवाज वाढवला, पुन्हा लावला. तिसऱ्यांदाही तेच. चुकून रिकामाच आला असेल. बाबा पलीकडच्या खोलीत होते. त्यांच्यासमोर धाकटीशी काय बोलायचं? उद्या बघू.

१४ मार्च
बाबांचं काय चाललंय! अंथरुणाची घडी स्वतः घालतात. कप विसळून ठेवतात. न्हाणीघरात भिंत धरून जातात, कडी लावत नाहीत. ही म्हणाली, "बाबा, राहू द्या हो, मी आहे ना." तर म्हणे, "असू दे गं." यंत्रांनी माणूस सुधारला!
धाकटीला कळवायचं अजून राहिलंय. जीभ रेटत नाही.

१७ मार्च
पंपघरात धाकटीचा फोन. "दादा, निरोप ऐकून तोंडात मिठाची गुळणी धरून बसलायस?"
"कसला निरोप? रिकामा होता तो!"
"रिकामा? एवढी घसा फोडून बोलले मी!"
तिथेच लावला. खणखणीत! "दादा, तुझ्यानं बोलवत नसेल तर मी सांगते बाबांना. जागा मिळालीय. वहिनी तरी किती ओढणार? तू फक्त हो म्हण."
घरात माझ्या फोनचा आवाज माझ्याकडे येतच नव्हता. तो बाबांच्या कानात जात होता. तीनदा! वर मीच वाढवलेला!
म्हणून ती घडी. म्हणून तो कप.

१८ मार्च
जेवणानंतर बाबांजवळ बसलो. "बाबा, तो निरोप –" एवढंच म्हणालो. त्यांनी हात वर केला.
"पहिल्यांदा ऐकला तेव्हा पायाखालची जमीन सरकली रे. मग तू परत लावलास. पुन्हा लावलास. म्हटलं, पोरगा मन घट्ट करतोय. पण तू हो नाही म्हणालास. त्या रात्री शांत झोप लागली बघ."
खरं ओठांवर आलं होतं. गिळलं.

१९ मार्च
बाबांना वाटतो तसा मुलगा मी नव्हतो. धाकटीला 'नाही' कळवलं. साहेबांकडे कायमची रात्रपाळी मागितली – दिवसा घरी असेन.